द्राक्षांची नोंद होते, आपली कधी?



गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, की गप्पा हळूहळू आजारपणावर येतात. कुणाच्या जावेला गाठ निघालेली असते, कुणाच्या सासऱ्याला मुंबईला ‘टाटा’त नेलेलं असतं. मग ठरलेले दोन प्रश्न निघतात. पहिला प्रश्न, ‘आमच्या आजीच्या काळात हा कॅन्सर नव्हता, आत्ताच कुठून आला?’ आणि दुसरा, ‘हे सगळं फवारणीच्या औषधांमुळे होतंय का?’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. ते शोधायला माणसांना दोनशे वर्षांहून जास्त काळ लागला. त्या शोधात आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यांचा, खेड्यातल्या बायकांचा मोठा हातभार आहे. आज तीच हकीकत सांगते.

आधी पहिला प्रश्न घेऊ. हा रोग नवा नाही. सुश्रुतसंहितेत ‘अर्बुद’ या नावाने वाढत जाणाऱ्या गाठींचं वर्णन आहे. कर्क म्हणजे खेकडा. गाठीभोवती पसरलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, म्हणून जुन्या ग्रीक वैद्यांनी या रोगाला खेकड्याचं नाव दिलं आणि तेच ‘कर्करोग’ या शब्दात आलं. म्हणजे रोग होता. पण स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्याकडे माणसाचं सरासरी आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होतं. बाळंतपण, पटकी, देवी, हिवताप, क्षय यांतून वाचून साठीला पोचणारी माणसं थोडी होती. कॅन्सर बहुतेक करून उतारवयात होतो. आज आपण सत्तरीपर्यंत जगतो, म्हणून तो जास्त दिसतो. शिवाय तेव्हा आजाराचं नावच कळत नसे. ‘पोटात गोळा झाला’, ‘अंगावरून जात होतं’ एवढंच सांगितलं जाई आणि बाई जाई.

आज चित्र असं आहे. २०२२ साली आपल्या देशात अंदाजे १४ लाख लोकांना नव्याने कॅन्सर झाला आणि नऊ लाखांहून अधिक लोक त्याने गेले. हेच प्रमाण राहिलं तर दर नऊ माणसांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी हा रोग होईल, असा अंदाज आहे. बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर पहिला आणि गर्भाशयमुखाचा दुसरा. तेव्हा वय हे एक कारण झालं, पण सगळंच वयावर ढकलता येत नाही. इथून कारणांचा शोध सुरू होतो.

१७७५ साली लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की धुराडी साफ करणाऱ्यांना एका विशिष्ट जागी, अंडकोशाच्या कातडीला, कॅन्सर होतो. ही माणसं लहानपणापासून धुराड्यात उतरत आणि अंगावरची काजळी महिनोन्‌महिने धुतली जात नसे. काम आणि कॅन्सर यांचं नातं जगाला असं कळलं. आपल्याकडे मुंबईत १९४१ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथले डॉ. व. रा. खानोलकर हे माणसांच्या सवयींकडे बारकाईने बघत. त्यांनी १९४५ साली लिहिलं, की तंबाखू-चुना ओठामागे धरणाऱ्यांना तिथेच कॅन्सर होतो, आणि धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधणाऱ्यांना कमरेच्या कातडीवर होतो. आता हे ‘धोतराचं’ झालं, आपलं काय? २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी साडी-लुगड्याच्या गाठीने कमरेवर झालेली जखम वर्षानुवर्षं भरली नाही आणि तिचा कॅन्सर झाला, अशा दोन वयस्क बायकांची हकीकत जगापुढे मांडली. असं क्वचितच होतं, पण त्यात शिकण्यासारखं आहे. डॉक्टर ‘परिसरातली कारणं’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात फक्त कारखान्याचा धूर नसतो. आपण जे ओढतो, खातो, हाताळतो, अंगाला लावतो आणि आपल्याला ज्या विषाणूंचा संसर्ग होतो, ते सगळं त्यात येतं.

पण एखाद्या डॉक्टरला चार रुग्ण दिसले, म्हणून कारण सिद्ध होत नाही. त्यासाठी मोजावं लागतं. किती माणसांत किती रुग्ण, कोणत्या वयाचे, काय काम करणारे? मुंबईत १९६४ पासून कॅन्सरच्या रुग्णांची अशी रीतसर नोंद होऊ लागली. खेड्यांची मोजणी मात्र कुणीच करत नव्हतं. खेड्यातला रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचतच नसे, मग नोंद कशी व्हायची?

हे काम सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीने केलं. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं तिने धरली. नोंदणीचे कार्यकर्ते रुग्णाची वाट बघत बसले नाहीत. ते गावोगाव गेले, लोकांना जमवून बोलले, लक्षणं समजावून सांगितली आणि संशय आला त्या माणसाला तपासणीसाठी दवाखान्यात आणलं. या मोजणीतून दोन गोष्टी दिसल्या. एक, खेड्यात कॅन्सरचं प्रमाण मुंबईच्या जवळपास निम्मं होतं. दुसरी, खेड्यातल्या बायकांत सगळ्यात पुढे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होता. आणि गावागावांत लक्षणांविषयी बोलणं सुरू झाल्यावर बायका लवकरच्या टप्प्यात, बरं होण्यासारख्या अवस्थेत, दवाखान्यात येऊ लागल्या. नुसत्या बोलण्याने एवढा फरक पडला.

याच भागात पुढे मोठा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, हे तोवर जगाला कळलं होतं. मग तपासणी करून मरण टाळता येतं का, हे बघायला १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायकांना अभ्यासात घेतलं. गावांचे चार गट केले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली आणि चौथ्या गटात तपासणी केली नाही. आठ वर्षांनी मोजलं तेव्हा, ज्या गटाला एचपीव्हीची तपासणी दिली होती त्यातल्या ३४ बायका या कॅन्सरने गेल्या होत्या. तपासणी नसलेल्या गटातल्या ६४ गेल्या होत्या. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभरचे देश आजही ते आकडे वापरतात.

त्या चौथ्या गटाबद्दल पुढे वादही झाला. मरण टाळता येण्यासारखं असताना एवढ्या बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, असं अनेकांनी विचारलं. तो प्रश्न खरा आहे. मला त्यात आणखी एक टोचतं. त्या बायकांच्या जिवावर मिळालेलं हे ज्ञान आपण वापरलं का? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीसुद्धा ही तपासणी कधी झालेली नव्हती.

आता आपल्या नाशिककडे येऊ. सगळ्यात पक्कं सिद्ध झालेलं कारण आपल्या कनवटीला असतं, ते म्हणजे तंबाखू. सिन्नरला बायकांच्या कित्येक पिढ्यांनी विड्या वळल्या, बोटांनी आणि श्वासाने तंबाखूची भुकटी घेतली. घराघरांत तंबाखू भाजून मिश्री केली जाते. पुरुषासारखं तोंडात पान-तंबाखू नको, पण दात घासायला मिश्री चालते, असं आपण मानतो. आधी सकाळी एकदा, मग दुपारी, मग झोपताना. मिश्री ही तंबाखूच आहे. गुटख्यावर राज्याने २०१२ साली बंदी आणली, मिश्रीवर मात्र घरातच बंदी आणावी लागेल. दुसरं कारण चुलीचा धूर. घरात जाळलेल्या दगडी कोळशाचा धूर कॅन्सर करतो हे सिद्ध आहे, आणि लाकूड-गोवऱ्यांच्या धुराने तो ‘बहुधा’ होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था म्हणते.

आणि फवारणी? याच संस्थेने २०१५ साली काही औषधं तपासली. लिंडेन ‘नक्की’ कॅन्सरकारक ठरलं. डीडीटी, मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि तणनाशक ग्लायफोसेट ‘बहुधा’ या गटात गेली. ग्लायफोसेटबद्दल अमेरिकेच्या सरकारी खात्याचं मत वेगळं आहे. ‘बहुधा’ म्हणजे पुरावा बराच आहे पण पुरा नाही. किती जणांना होईल, हे त्या शब्दावरून कळत नाही. अमेरिकेत १९९३ पासून आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत फवारणी करणारे आणि त्यांच्या बायका अशा सुमारे ८९ हजार जणांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं आहे. त्यात दिसलं, की या लोकांत एकूण कॅन्सर इतरांहून जास्त नाही, कारण ते विडी-सिगारेट कमी ओढतात. पण काही ठरावीक कॅन्सर, जसा पुरुषांमधला प्रोस्टेटचा, त्यांच्यात जास्त आहेत. म्हणून ‘सगळं फवारणीमुळे’ हे म्हणणं जसं चूक, तसं ‘फवारणीने काही होत नाही’ हेही चूक.

आपल्याकडे एक घोटाळा नेहमी होतो. औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. तो फक्त ताबडतोब होणाऱ्या विषबाधेचा इशारा आहे. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करताना वीसहून अधिक माणसं गेली, तशी विषबाधा. वीस-पंचवीस वर्षांनी काय होईल, ते हा त्रिकोण सांगत नाही. हिरवा त्रिकोण पाहून हातमोजे काढून ठेवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दिंडोरी, निफाडच्या ज्या बागेतून द्राक्षं युरोपला जातात, त्या प्रत्येक बागेची २००६ पासून संगणकावर नोंद होते. नमुना प्रयोगशाळेत जातो, औषधाचा अंश मोजला जातो. २०१० साली एका औषधाचा अंश जास्त निघाला म्हणून तिकडे आपली द्राक्षं अडवली, तर साऱ्या जिल्ह्यात हलकल्लोळ झाला. म्हणजे मोजायचं ठरवलं की मोजता येतं. पण त्याच घडांची विरळणी करणाऱ्या, जीएच्या पाण्यात घड बुडवणाऱ्या, पेठ-सुरगाण्याहून मुलंबाळं घेऊन येणाऱ्या बायकांच्या अंगात काय गेलं? राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीच्या २०२० च्या अहवालात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, उस्मानाबाद-बीड आणि बार्शी ही ठिकाणं आहेत. नाशिक नाही. म्हणून ‘आमच्या बागांमुळे कॅन्सर वाढला का?’ याचं उत्तर त्या अहवालातून मिळत नाही. ते हवं असेल तर बार्शीसारखी मोजणी इथेही व्हायला हवी, आणि ती मागायचा हक्क आपला आहे. ग्रामसभेत हा विषय मांडा, ठराव करून घ्या.

पण काळजी घ्यायला मोजणी संपेपर्यंत थांबायचं कारण नाही. धुराड्यातल्या काजळीत नेमकं काय असतं, हे कळायला पॉटनंतर दीडशे वर्षं गेली, पण अंग धुवायला ते कळावं लागत नाही. फवारणी झाल्यावर किती वेळ बागेत जायचं नाही, हे मालकाला विचारा. हातमोजे आणि हात धुवायला साबण-पाणी मागा, ती भीक नाही. फवारणीचे कपडे वेगळे धुवा. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी, तेल, धान्य काही ठेवू नका. कोणत्या महिन्यात कोणत्या औषधाच्या बागेत काम केलं, ते गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा.

आशाताई तिशीपुढच्या माणसांचा फॉर्म भरून घेते. त्यात तंबाखू आणि चुलीच्या इंधनाबद्दल प्रश्न असतात, त्यांची खरी उत्तरं द्या, आणि फवारणीचं स्वतःहून सांगा. आरोग्य केंद्रात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, ती मागा. स्तनात गाठ, अंगावरून अवेळी किंवा पाळी गेल्यावर रक्त जाणं, तोंडातला पांढरा-लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, मग ती कमरेवर लुगड्याच्या गाठीखाली का असेना, यातलं काही दिसलं तर लाजू नका. धाराशिवच्या बायकांनी आपल्याला काय शिकवलं, ते त्या दिवशी आठवा आणि मैत्रिणीला सोबत घेऊन जा.

गटाच्या वहीत आपण पै-पैचा हिशेब ठेवतो. पुढच्या बैठकीत त्यात एक रकाना वाढवा. कुणाची तपासणी झाली आणि कुणाची राहिली, एवढंच त्यात लिहायचं. आपल्या गावची मोजणी तिथून सुरू होऊ द्या.