प्रकाशीय तंतू-केबल, टांगती : जोडसामान

खांबांवरून वा मनोऱ्यांवरून नेलेल्या प्रकाशीय तंतू-केबलला पेलणारे, ताणून धरणारे, कंपनापासून वाचवणारे व सांधणारे सामान. तंतू काचेचा असल्याने तो दबला किंवा मर्यादेबाहेर वाकला, की प्रकाश गळतो. त्यामुळे केबलचा सगळा ताण घ्यायचा, पण तिला कुठेही चिमटायचे नाही, ही या सामानाची मूळ अट होय. निविदांत त्याला किरकोळ साहित्यात टाकण्याची प्रथा अनुचित आहे. केबलचे आयुष्य पुष्कळदा त्यावरच ठरते.

केबलचे प्रकार : अ‍ॅरामिड धाग्यांवर ताण पेलणारी, धातूविरहित स्वयंधारी केबल (एडीएसएस), पोलादी तार जोडलेली, ‘8’ आकाराच्या छेदाची केबल, आणि उच्चदाब मनोऱ्यांच्या माथ्यावरील भूतारेत तंतू असलेली ओपीजीडब्ल्यू.

पकड : सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे आधीच पीळ दिलेल्या धातूच्या सळ्या. पिळाचा आतील व्यास केबलच्या जाडीपेक्षा किंचित कमी ठेवतात. लाइनमन त्या हातानेच केबलभोवती गुंडाळतो. पाना लागत नाही. ताण वाढला की पीळ आवळत जातो, मात्र दाब एका जागी न पडता सळ्यांच्या लांबीभर वाटला जातो. घसरण टाळण्यासाठी आतून वाळूसारखे खरखरीत कण चिकटवलेले असतात. या तंत्राचा प्रसार अमेरिकेत क्लीव्हलंड येथे १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रीफॉर्म्ड लाइन प्रॉडक्ट्स या कंपनीने केला. मार्गाच्या टोकांना, मोठ्या वळणांवर आणि सांध्यांपाशी डेड एंड पकड लावतात; सरळ मार्गावरील मधल्या खांबांवर रबरी गादीचा सस्पेन्शन क्लॅम्प पुरतो. उतरवलेली पकड पुन्हा वापरावी की नाही, याबाबत उत्पादकांच्या सूचना सारख्या नाहीत.

कंपनरोधक : वादळापेक्षा मंद, एकसारखा वारा अधिक काळ त्रास देतो. १२ मिमी. जाडीच्या केबलमागे सेकंदाला ३ मी. वेगाच्या वाऱ्यात भोवरे आलटूनपालटून सुटतात आणि ती सेकंदाला सुमारे ४५ वेळा थरथरू शकते. तारांसाठी जॉर्ज स्टॉकब्रिज यांनी १९२० च्या दशकात योजलेला, दोन टोकांना वजने असलेला रोधक ओपीजीडब्ल्यूवर चालतो. हलक्या एडीएसएस केबलवर प्लॅस्टिकचा सर्पिल रोधक गुंडाळतात.

विद्युत्‌क्षेत्र : उच्चदाब वाहिनीजवळ ओलसर, मळलेल्या आवरणावर कोरडे पट्टे पडून ठिणग्या उडतात व आवरण जळते. खाऱ्या हवेत धोका वाढतो. केबल टांगण्याची जागा क्षेत्र मोजूनच ठरवावी. तीव्र क्षेत्रात साधे पॉलिथीन टिकत नाही.

सांधे : जॉइंट बॉक्सजवळ जादा केबलची गुंडाळी ठेवतात, म्हणजे दुरुस्तीसाठी बॉक्स जमिनीवर उतरवता येतो.

भारत : भारतनेट या ग्रामीण ब्रॉडबँड योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात (२०१७) विजेच्या खांबांवरून केबल नेण्याचा पर्यायही स्वीकारला गेला.

मानके : एडीएसएससाठी आयईईई १२२२, ओपीजीडब्ल्यूसाठी आयईईई ११३८.