संगीतोपचार : किंचाळीला दिलेली साथ

संगीतोपचार म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. कोणत्या आजारावर कोणता राग? म्हणजे राग ही गोळी, आणि रोग्याने ती निमूट घ्यायची. त्याने स्वतः काही करायचं असतं, हे त्या प्रश्नात बसतच नाही. आज आम्ही सांगणार आहोत तो इतिहास याच्या उलट दिशेने गेला.

१९५९च्या सुमारास इंग्लंडमध्ये, वूस्टरशायरमधल्या सनफिल्ड या विशेष मुलांच्या निवासी संस्थेत दोन माणसं भेटली. पॉल नॉर्डॉफ हे अमेरिकन संगीतकार, बार्ड कॉलेजातले प्राध्यापक. क्लाइव्ह रॉबिन्स तिथले शिक्षक. नॉर्डॉफ यांनी पन्नाशीला प्राध्यापकी सोडली आणि या मुलांसाठी वाजवू लागले. (आम्ही मात्र पेन्शनपर्यंत थांबलो!)

त्यांची पद्धत अशी. नॉर्डॉफ पियानोवर, रॉबिन्स मुलाजवळ. समोर ढोल आणि झांज. मूल जसं बडवेल तसा पियानो जायचा. लय तुटली तर तुटलेल्या लयीतच साथ. मग पियानो जरासा थांबायचा, आणि मुलाच्या ध्यानात यायचं की कुणीतरी आपल्याबरोबर आहे. सगळं टेपवर घेऊन दोघे पुन्हापुन्हा ऐकत. एखाद्याला एकच ठोका जमत असेल, तर गाणंच असं रचायचं की त्या ठोक्यावाचून ते अडेल. तो ठोका कौतुकापुरता नव्हे, गाण्याला खरोखर हवा असायचा.

त्यांच्या नोंदींत पाचेक वर्षांचा एक मुलगा आहे. खोलीत आला तो किंचाळतच. नॉर्डॉफ यांनी त्याला गप्प केलं नाही. त्याच पट्टीत, त्याच जोराने वाजवलं, गायलं. हळूहळू किंचाळीचे स्वर पियानोच्या स्वरांशी जुळू लागले.

प्रत्येक मुलात संगीताला साद देणारं काहीतरी उपजतच असतं, असं या दोघांचं म्हणणं. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेल्याने आम्हाला इथे शंका येते. साद आली नाही, तर ‘अजून पोहोचलो नाही’ म्हणता येतं. मग हे विधान खोटं ठरायचं तरी कसं? पण व्यवहारात त्याचा परिणाम पाहा. अपयश मुलाच्या खात्यावर पडत नाही, वाजवणाऱ्याच्या पडतं. ‘याला जमणार नाही’ असं म्हणायची सोयच उरत नाही.

ही सोय आम्हीही वापरली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका विशेष शाळेत गाण्याच्या कार्यक्रमाला आम्ही अध्यक्ष होतो. गाणं रंगात आलं आणि मागच्या रांगेतला एक मुलगा ओरडू लागला. थांबेना. आम्हीच खूण केली, बाईंनी त्याला बाहेर नेलं, आणि कार्यक्रम व्यवस्थित पार पडला.

पुढे त्या किंचाळीची हकीगत वाचनात आली, तेव्हा तो मुलगा आठवला. तो तालात ओरडत होता का, सुराच्या जवळपास होता का, हे आम्ही त्या वेळी ऐकलंच नव्हतं.