घरच्या घरी कटिंग आणि डाय : पैसे कुठे वाचतात आणि कुठे जपायचं

मालवण : गणपतीच्या आधीचा आठवडा आला की आमच्याकडच्या सलूनमधला बाक पुरत नाही. चाकरमानी आलेले असतात, त्यांची पोरं असतात, नंबर लागेपर्यंत दुपार होते. वाडी रस्त्यापासून आत असेल तर रिक्षाचं भाडं वेगळंच. म्हणून "घरी मशीन घेतली तर परवडेल काय?" हा प्रश्न आता बरेच जण विचारतात. आणि डाय तर बहुतेक घरांत न्हाणीघराच्या आरशासमोरच होतो. पण कटिंग बिघडली तर पंधरा दिवस टोपी घालून निभावतं, डाय अंगावर आला तर दवाखाना गाठावा लागतो. म्हणून दोन्हीची माहिती एकत्र देतो आहे.

घरी केस कापायची सवय आपल्याला लावली ती लॉकडाऊनने. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला, सलूनही बंद. आपल्या राज्यात ती उघडायला २८ जून उजाडला, आणि तेव्हाही परवानगी होती ती केस कापणं, डाय, वॅक्सिंग आणि थ्रेडिंग एवढ्यालाच. पुढे एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा कुलूप लागलं. सलूनवाल्यांचे त्या दिवसांत फार हाल झाले. बाकीच्यांनी घरातली कात्री काढली. मीही काढली, आणि ती होती शिवणाची. मुलाच्या डोक्याला एका बाजूने पायऱ्या पडल्या. आई बघून म्हणाली, "पोराचे केस काय उंदरान कुरतडल्यान?" नंतर मशीन घेतली आणि चुकत चुकत हात बसला.

आधी हिशोब. धरून चला, कटिंगला ८० रुपये. बाप आणि दोन मुलगे महिन्यातून एकदा गेले तर २४० रुपये, वर्षाचे २,८८०. चार्जिंगची बरी ट्रिमर मशीन साधारण १,००० ते १,५०० रुपयांत येते. म्हणजे पाच-सहा महिन्यांत पैसे वसूल. तुमच्या गावचा दर घालून बघा. पण घरात एकच माणूस असेल आणि तो दोन महिन्यांनी एकदा कटिंग करत असेल, तर मशीन घेऊ नका. ती कपाटात पडून गंजेल. आपल्या खाऱ्या हवेत पातं गंजायला वेळ लागत नाही.

ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी प्रत्येक वेळी ब्रशने केस झाडून पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडावेत. खोबरेल घालू नका, ते घट्ट होऊन चिकटतं. मशीन झाकणाच्या डब्यात ठेवा, न्हाणीघरात नको.

कापताना केस धुतलेले आणि पूर्ण वाळलेले असावेत. ओले केस लांब दिसतात, वाळले की वर चढतात, आणि मग कळतं की जास्त गेले. मशीनसोबत जे प्लास्टिकचे कंगवे येतात त्यांवर आकडे असतात. बहुतेक मशीनला १ नंबर म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे ९-१०, ४ म्हणजे १२-१३. पहिल्यांदा करणाऱ्याने थेट ४ नंबर लावावा. कमी वाटलं तर ३ लावता येतो, पण १ लावून झाल्यावर परत मागे जाता येत नाही. मानेकडून वर, केस ज्या दिशेने वाढतात त्याच्या उलट मशीन न्यायची. डोक्याची गोलाई सुरू झाली की मशीन हळूच बाहेर काढायची, तिथे दाबून पुढे नेली की टक्कल दिसतं. भोवऱ्याजवळ केस चारी दिशांना जातात, तिथे दोन-तीन बाजूंनी फिरवा. पुढचे केस सगळ्यात शेवटी, आणि तेही कात्रीने, थोडे थोडे. कान हाताने दुमडून धरा. लहान पोराला झोप आलेली असताना बसवू नका, हा माझा अनुभव.

कात्री केसांचीच घ्या आणि तिने कागद, दोरा, दुधाची पिशवी काही कापू नका. बोथट कात्री केस कापत नाही, चेमटवते, आणि मग टोकं फुटतात. बायकांच्या लांब केसांची नुसती टोकं कापायची असतील तर ते घरी सहज होतं. केस मधोमध भांग पाडून दोन्ही खांद्यांवरून पुढे घ्यायचे, एकाच उंचीवर रबर लावायचे आणि रबराच्या खाली बोटभर कापायचं. लेयर, स्टेप वगैरे मात्र पार्लरवालीकडेच.

मानेवरची लव आणि कल्ले साफ करायला घरात एकच ब्लेड सगळ्यांना फिरवतात, ते बंद करा. ब्लेडवर डोळ्यांना न दिसणारं रक्त राहतं आणि त्यातून हिपॅटायटीस बी, सी पसरू शकतो. प्रत्येकाला नवीन ब्लेड. सलूनमध्येही वस्तऱ्याला नवीन ब्लेड लावायला सांगायला लाजू नका.

आता डाय. इथे पैसे जास्त वाचतात, कारण पाकीट दहा-वीस रुपयांपासून मिळतं. पण पूड असो, तेलासारखा पातळ डाय असो की क्रीम, काळ्या रंगात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं, म्हणजे पॅराफेनिलिनडायमिन. बऱ्याच लोकांना ते सोसतं. काहींना सोसत नाही, आणि दहा वर्षं सोसलेल्यालाही अकराव्या वर्षी त्रास सुरू होऊ शकतो. "मी कायम हाच लावतो" याला म्हणून काही अर्थ नाही. आधी चाचणी करून बघा आणि भुवया-पापण्यांना लावू नका, डोळा जाऊ शकतो, ही सूचना पाकिटावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. अक्षर इतकं बारीक असतं की चाळिशी लागलेल्याला वाचता येत नाही, ही गोष्ट वेगळी. मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचा.

चाचणी अशी. थोडा डाय कालवून कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे रुपयाएवढा लावायचा. किती वेळ ठेवून धुवायचा ते पाकिटावर असतं. मग ४८ तास वाट बघायची. खाज, लाली, फोड काही आलं तर तो डाय घरातून बाहेर. लग्न किंवा आंगणेवाडीची जत्रा असेल तर निदान तीन दिवस आधी चाचणी करा, आदल्या रात्री नव्हे. जत्रेत हातावर काळ्या मेंदीचा टॅटू काढून ज्याला खाज आली, त्याने काळा डाय लावूच नये, त्या काळ्या रंगातही पीपीडी घातलेलं असतं.

लावताना डोकं त्याच दिवशी धुतलेलं नसावं. कपाळाच्या कडेला आणि कानांना व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा म्हणजे डाग पडत नाहीत. हातमोजे घालाच. भांडं प्लास्टिकचं किंवा चिनी मातीचं, स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं नको. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून दर वेळी सगळ्या केसांना लावायची गरज नाही, नुसत्या पांढऱ्या मुळांना लावा. अर्धं पाकीट पुरतं आणि केसही कमी खराब होतात. अर्धं वाचवायचं तर कोरडीच पूड वाचवा. कालवलेला डाय उद्या चालत नाही, आणि बाटलीत घट्ट बंद करून ठेवला तर वायू साठून बाटली फुटू शकते. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवल्याने रंग पक्का होत नाही, कातडी मात्र भाजते. डोक्यावर जखम, खरूज असेल तर लावू नका. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारून.

मिशीला लावणाऱ्यांनी जास्त जपावं, ओठावरची कातडी नाजूक असते.

ज्यांना डाय सोसत नाही त्यांच्यासाठी मेंदी आहे, पण खरी. निव्वळ मेंदीच्या पानांनी केस तांबूस होतात, काळे कधीच होत नाहीत. राजस्थानात सोजतला मेंदीची मोठी शेती होते, तिथली मेंदी आपल्या बाजारातही येते. पाकिटावर "काळी मेंदी" लिहिलं असेल तर ती डायच समजा आणि चाचणी करा. काळपट रंग हवा तर आधी मेंदी, ती धुऊन झाल्यावर निळीच्या पानांची पूड, असं दोन वेळा लावावं लागतं. ही नीळ झाडाची, कपड्यांची नव्हे! मेंदी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवायची आपली पद्धत चांगलीच आहे. वेळ लागतो, अर्धा रविवार जातो. माका आणि जास्वंद घालून कढवलेल्या खोबरेलाने केस मऊ राहतात, पण पिकलेला केस काळा होत नाही.

कापलेल्या केसांचं काय करायचं, हेही शेतकरी म्हणून सांगतो. रानडुकरं हुंगत पुढे येतात म्हणून बांधावर केस पसरायचा उपाय बरेच जण करतात. मी केला, आठवडाभर फरक दिसला, पाऊस पडला आणि डुकरं परत आली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डाय लावल्यावर डोळ्यांभोवती किंवा तोंडाला सूज आली, श्वासाला त्रास होऊ लागला, तर डोकं भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच १०८ ला फोन करा. डोळ्यात गेला तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाणी मारत राहा आणि डॉक्टरांना दाखवा. डायची पूड किंवा पातळ डाय पोरांच्या हाताला लागेल असा कधीच ठेवू नका, पाण्याच्या बाटलीत तर अजिबात नको. पोटात गेला तर मान आणि जीभ सुजून श्वास अडकतो, लघवी काळपट होते, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अशा वेळी घरी ओकारी काढत बसू नका. जवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठा, आणि जाताना ते रिकामं पाकीट खिशात घालून न्या. आत काय होतं ते डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.