थंक, म्हणजे भरडायचं राहिलेलं धान

लालबर्रा तहसिलीत, वैनगंगेच्या या धानपट्ट्यात, वर्षाचा तांदूळ एकदम भरडून ठेवणं शहाणपणाचं नसतं. धान कोठीत टिकतं, तांदळाला लवकर कीड लागते. म्हणून लागेल तसं पोतं काढायचं आणि राइस मिलवर न्यायचं. संगणकातला ‘थंक’ समजायला एवढं पुरेसं आहे.

थंक हा शब्द छापून आला जानेवारी १९६१ मध्ये, पीटर इंगरमन यांच्या लेखात. त्याआधीच्या वर्षी अल्गोल ६० ही भाषा ठरली होती. तिच्यात फंक्शनला आकडा न देता नुसतं सूत्र देता येई. हिशेब सूत्राचं नाव निघेल तेव्हा करायचा. त्यासाठी कंपायलरने कोडचा एक छोटा तुकडा बाजूला काढून ठेवायचा, तो थंक. इंग्रजीतल्या ‘विचार करणे’ या क्रियापदाचं हे मुद्दाम बिघडवलेलं भूतकाळी रूप, असं प्रोग्रामर सांगतात. विचार आधीच करून झालाय, असा त्यातला विनोद. समजावून सांगितला की विनोद मरतो. हा साठ वर्षं तगलाय.

अल्गोलच्या थंकात एक खोट होती. दर हाकेला तोच हिशेब नव्याने व्हायचा. १९७१ मध्ये ऑक्सफर्डच्या प्रबंधात क्रिस्टोफर वॉड्सवर्थ यांनी तोड दाखवली: उत्तर आलं की सूत्राच्या जागी उत्तरच ठेवायचं. एकदा भरडलं की तांदूळच. पुढे आळशी, म्हणजे गरज पडेल तेव्हाच हिशेब करणाऱ्या भाषांचं पीक आलं, १९८७ साली पोर्टलंडच्या परिषदेत त्यांची एक सामाईक भाषा करायचं ठरलं आणि तिचा, म्हणजे हॅस्केलचा, पहिला अहवाल १ एप्रिल १९९० ला निघाला. तारीख खरी आहे.

हॅस्केलमध्ये कुठलाही हिशेब दुसऱ्याच्या मालाला हात लावत नाही. मग संगणकाच्या दहा कोरना दहा पोती वाटून द्यायला अडचण कसली? अडचण खुणेची.

थंकचं काम सुरू झालं की त्यावर ‘ब्लॅकहोल’ अशी खूण होते: हे पोतं मिलवर गेलंय, थांबा. पण प्रत्येक थंकवर खूण करण्यात वेळ जातो. म्हणून हॅस्केलच्या ग्लासगो कंपायलरने खूण करण्यातही आळस केला. चालू कामाचा धागा थांबेल तेव्हाच त्याचे अर्धवट राहिलेले थंक एकदम खुणवायचे. कोर एकच होता तोवर कुणाचं बिघडलं नाही. दोन झाले, आणि दोघंही तेच पोतं भरडू लागले. उत्तर चुकत नाही, म्हणून तर हा दोष लवकर दिसत नाही. फक्त मेहनत दुप्पट होते. २००९ मध्ये सायमन मार्लो, सायमन पेटन जोन्स आणि सत्नाम सिंग यांच्या निबंधात हात लावताक्षणी खूण करण्याचा पर्याय आला. कुलूप मात्र नाहीच, त्यामुळे दोन हात एकाच क्षणी पडण्याची बारीक फट राहते.

दुसरं दुखणं केराचं, म्हणजे स्मृतीत साठणाऱ्या निकामी मालाचं. प्रत्येक कोरला नवा माल ठेवायला स्वतःची जागा असते, पण एकाची भरली की केर काढायला सगळ्यांनी थांबायचं. एका गिरणीचं तूस साठलं म्हणून गावातल्या सगळ्या गिरण्या बंद, असा हा कारभार. ही जागा आधी १ मेगाबाइट असे, त्याच कंपायलरच्या ९.२ आवृत्तीपासून ४ मेगाबाइट झाली. थांबे कमी झाले, संपले नाहीत.

आणि थंक जागाही खातो. दहा लाख आकड्यांची बेरीज लांबणीवर टाकली, तर एका आकड्याऐवजी दहा लाख राहिलेल्या बेरजांची माळ स्मृतीत लटकते. कुठलं धान नक्की लागणारच, हे आधी ओळखून थंक टाळायची रीत ॲलन मायक्रॉफ्ट यांनी १९८० मध्ये मांडली. हेच मायक्रॉफ्ट २०१४ मध्ये पवईच्या आयआयटीतले अमिताभ सान्याल, त्यांच्याबरोबर काम करणारे अमेय करकरे आणि राहुल असाटी यांच्यासह एका निबंधावर दिसतात. म्हणणं असं, की हात पोचतो तो सगळा माल राखू नका. पुढे वापरला जाणार तेवढाच राखा, बाकीचा केर. २०१६ मध्ये सान्याल, करकरे आणि प्रसन्न कुमार यांनी हीच युक्ती आळशी भाषेत आणली. तिथे कुठला हिशेब कधी होईल, हे कोड वाचून ठरत नाही. म्हणून केर काढणाऱ्यालाही नव्याने घडवावं लागलं, त्याने तांदूळही पारखायचा आणि भरडायचं राहिलेलं धानही. स्मृतीची कमाल गरज बरीच उतरली. वेळ साधारण तेवढाच लागला.