दुपारचे वाचन : बालवाङ्मयाच्या इतिहासातील एक गाळलेली जागा

मराठी बालवाङ्मयाचा इतिहास बहुधा १८२८ पासून सांगितला जातो. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचा ‘बाळमित्र’ त्या वर्षी प्रसिद्ध झाला. मूळ ग्रंथ बर्कां या फ्रेंच लेखकाचा. तो मराठीत आला इंग्रजीच्या वाटेने आणि शाळापुस्तक मंडळीच्या आश्रयाने. बालवाचक म्हणजे विद्यार्थी, हे गृहीतक या आरंभातच रुजले आणि पुढे समीक्षेनेही ते फारसे तपासले नाही. वि. को. ओक यांचे ‘बालबोध’ (१८८१), वा. गो. आपटे यांचे ‘आनंद’ (१९०६) ही मासिके क्रमिक पुस्तकाबाहेरची असली, तरी त्यांची दखल आपण ज्ञान, नीती आणि संस्कार या तीन शब्दांतच घेत आलो.

या मांडणीत उन्हाळ्याच्या सुट्टीला जागा नाही. वस्तुतः मूल स्वतःच्या मर्जीने वाचक होते ते प्रामुख्याने मे महिन्यातील दुपारी. वडीलधारी मंडळी जेवून आडवी झालेली, उन्हात फिरायला मनाई, आणि पुस्तक संपल्यावर त्यावर प्रश्न विचारणारे कोणी नाही. ही निवांत दुपार सर्वांच्या वाट्याला आली नाही, हेही येथेच नोंदवले पाहिजे. गुरांमागे किंवा मजुरीला जाणाऱ्या मुलांना सुट्टी म्हणजे अधिकचे काम होते. ज्याला आपण सरसकट ‘बालवाचक’ म्हणतो, तो बराचसा पांढरपेशा घरातला होता.

दुपार आणि रात्र हा भेद येथे केवळ वेळेचा नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची रचना रात्रींची आहे. तेथे सांगणारा आहे, भोवती ऐकणारे आहेत, आणि गोष्टीचा अर्थ सांगणाऱ्याच्या स्वरातच ठरून येतो. त्या पुस्तकाचे सामर्थ्य या सामूहिक श्रवणात आहे. दुपारचे पुस्तक मात्र एकट्याने वाचायचे असते. त्याला निवेदकाच्या पालकत्वाची गरज नसते. किंबहुना ते त्याला अडचणीचेच ठरते.

भा. रा. भागवत यांचे महत्त्व या संदर्भात पुन्हा तपासावयास हवे. १९५१ मध्ये त्यांनी मासिक काढले, त्याचे नाव ‘बालमित्र’. छत्र्यांच्या ग्रंथाचेच नाव सव्वाशे वर्षांनी परत आले. पण आता ‘मित्र’ या शब्दातला उपदेशक बाजूला झाला होता. ‘चंद्रावर स्वारी’सारख्या रूपांतरांतून त्यांनी ज्यूल व्हेर्न मराठीत आणला. याच व्हेर्नच्या १८८८ च्या एका कादंबरीच्या नावातच ‘दोन वर्षांची सुट्टी’ आहे. ऑकलंडच्या वसतिगृहातली मुले सुट्टीतल्या सफरीसाठी जहाजावर चढतात आणि मोठ्या माणसांवाचून निर्जन बेटावर येऊन पडतात. साहसकथेला मुलांचे मोकळे असणे ही पूर्वअट लागते, हे व्हेर्नने उघडच सांगून टाकले आहे.

फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनचा विद्यार्थी. पण ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘फास्टर फेणेची काश्मिरी करामत’, ‘गुलमर्गचे गूढ’ ही शीर्षकेच पाहावीत. शाळा हे त्याचे ठिकाण आहे, कार्यक्षेत्र नव्हे. तो धाडसी आणि सत्प्रवृत्त आहे, म्हणून त्याच्यावरही ‘संस्कारक्षम’ हा शिक्का मारता येतो. तसा तो मारलाही जातो. मात्र त्यामुळे त्याच्या वेगाचे, सायकलचे आणि त्या ‘ट्टॉक’चे आकर्षण अस्पर्शितच राहते. रहस्यकथेची रचना, संवादांची लय, अतिशयोक्तीचे तर्कशास्त्र यांची चर्चा आपण प्रौढांच्या वाङ्मयासाठी राखून ठेवली आहे.

या वाचनाचा इतिहास लिहिणे सोपे नाही, कारण लोकप्रिय बालपुस्तक वाचले जाऊन नष्ट होते. मुखपृष्ठ गळालेली प्रत ग्रंथालयातून बाद होते. टिकते ती न उघडलेली. देवघेवीच्या नोंदवह्यांवरही विसंबता येत नाही. आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयातून एका नावावर दिवसाला एकच पुस्तक मिळे, आणि त्याच दिवशी बदलून मिळत नसे. म्हणून आम्ही चौघे चार वेगळी पुस्तके आणत असू आणि दिवेलागणीपर्यंत चारही पुस्तके चौघांची वाचून होत. नोंदवहीत मात्र प्रत्येक पुस्तकापुढे एकेकच नाव लागे.