तीनशे जीबीची रात्र

गिटलॅब, ३१ जानेवारी २०१७. सर्व वेळा जागतिक प्रमाणवेळेच्या. भारतीय घड्याळ साडेपाच तास पुढे.

घड्याळ सुरू होण्याआधी
जगभरचे प्रोग्रामर आपला कोड गिटलॅब डॉट कॉमवर ठेवतात. या सेवेचा डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ वर चालतो. दर चोवीस तासांनी पीजी-डम्प हा प्रोग्राम त्याची प्रत काढून अमेझॉनच्या साठवणीत पाठवतो, अशी सर्वांची समजूत आहे. पण हे काम ज्या ॲप्लिकेशन सर्व्हरवर चालते तिथे डेटाबेसच्या फाइलीच नाहीत. त्यामुळे गिटलॅबच्या पॅकेजला आवृत्ती ओळखता येत नाही आणि ते जुना ९.२ चा पीजी-डम्प उचलते. पीजी-डम्प आपल्यापेक्षा नव्या डेटाबेसची प्रत काढत नाही. चूक नोंदवून थांबतो. त्या चुकीची खबर देणारे ईमेल डीमार्क या प्रेषक-पडताळणीत नाकारले जातात. डेटाबेस पुढे गेला आहे, बॅकअप मागे राहिला आहे आणि हे कुणालाच ठाऊक नाही.

संध्याकाळी ५.२०: सहा तास दहा मिनिटे बाकी
डेटाबेसवरचा भार अनेक सर्व्हरांत वाटण्याची चाचणी घ्यायची आहे. त्यासाठी ताजा डेटा हवा म्हणून एक अभियंता मुख्य डेटाबेसचा एलव्हीएम स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) काढून चाचणीच्या यंत्रणेत भरतो. एरवी हे काम रात्री एक वाजता आपोआप होते. आज ते हाताने आणि वेळेआधी झाले आहे.

७.००: साडेचार तास बाकी
डेटाबेसवरचा भार चढू लागतो. स्पॅमचा संशय आहे. त्यातच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध कुणीतरी खोडसाळ तक्रार केली होती. ते खाते आणि त्याचा सगळा डेटा पुसण्याचे कामही मागे चालू आहे.

११.००: अर्धा तास बाकी
मुख्य डेटाबेसची चालू प्रत ठेवणारा दुय्यम सर्व्हर मागे पडतो. त्याला हव्या असलेल्या बदलांच्या नोंदी मुख्य सर्व्हरने आधीच काढून टाकल्या आहेत आणि त्या वेगळ्या साठवून ठेवण्याची सोय नाही. आता एकच मार्ग उरतो: दुय्यमवरचा डेटा पुसायचा आणि पीजी-बेसबॅकअप या प्रोग्रामने मुख्य सर्व्हरवरून सगळा नव्याने आणायचा. दुय्यमवरचा डेटा पुसला जातो. या क्षणापासून चालू प्रत एकच.

पीजी-बेसबॅकअप प्रत पाठवण्यासाठीच्या जोडण्यांची मर्यादा अपुरी असल्याची तक्रार करतो. ती ३ वरून ३२ केली जाते. मग पोस्टग्रेसच सुरू होईना. ८,००० ची कमाल जोडणीसंख्या २,००० वर आणावी लागते. पोस्टग्रेस सुरू होतो, पण पीजी-बेसबॅकअप काहीही न बोलता तसाच बसून राहतो. खरे तर तो मुख्य सर्व्हर डेटा पाठवायला लागण्याची वाट पाहत असतो. हे कामाच्या मार्गदर्शिकेत कुठेही लिहिलेले नाही. खूप रात्र झाली म्हणून काम थांबवायला निघालेला अभियंता या बिघाडामुळे अजून बसून आहे.

११.३०
आधीच्या प्रयत्नांतल्या काही फाइली फोल्डरमध्ये राहिल्या असाव्यात, असे त्याला वाटते. फोल्डर पुसण्याची आज्ञा सुटते. ती द्यायची होती दुय्यम डीबी-२ वर. गेली मुख्य डीबी-१ वर. एक-दोन सेकंदांत लक्षात येते, आज्ञा थांबवली जाते. सुमारे ३०० जीबीपैकी साधारण ४.५ जीबी उरलेले असतात.

मध्यरात्रीनंतर
अमेझॉनची साठवण उघडली जाते. रिकामी. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवरचे डिस्क-स्नॅपशॉट? ते डेटाबेस सर्व्हरांवर सुरूच केलेले नव्हते. उरतो फक्त संध्याकाळी ५.२० चा स्नॅपशॉट, जो बॅकअप म्हणून काढलाच नव्हता. चाचणी यंत्रणेच्या संथ डिस्कवरून, सेकंदाला सुमारे ६० मेगाबिट वेगाने, डेटा परत आणायला सुमारे अठरा तास लागतात. कंपनी कामाच्या नोंदी सर्वांसमोर खुल्या ठेवते, यूट्यूबवर थेट प्रक्षेपणही करते.

१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६ च्या सुमारास
सेवा परत उभी राहते. कोड आणि विकी शाबूत आहेत. पण सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती कायमची गेली आहेत.

त्या अभियंत्याला दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. चुकीच्या खिडकीत दिलेली आज्ञा कुणाच्याही हातून सुटू शकते. ती सावरायला जे हवे होते ते आधीच निकामी होते आणि ते निकामी आहे हे पाहण्याची जबाबदारी कुणालाच नेमून दिलेली नव्हती.

म्हणून डेटाबेस अपग्रेडची पारख 'नवी आवृत्ती सुरू झाली' एवढ्यावर संपता कामा नये. खालची ऑपरेटिंग सिस्टीम बदलत असेल तर मुळीच नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.२८ या लिनक्सच्या मूळ लायब्ररीने शब्दांचा अनुक्रम लावण्याचे नियम बदलले. डेबियन १० किंवा रेड हॅट ८ वर पोस्टग्रेसच्या जुन्या फाइली जशाच्या तशा नेल्या, तर जुन्या क्रमाने बांधलेले मजकुराचे इंडेक्स नव्या क्रमाशी जुळत नाहीत. डेटाबेस तरीही सुरू होतो आणि असलेली नोंद सापडत नाही म्हणून सांगू शकतो. असे इंडेक्स नव्याने बांधावेच लागतात.

नव्या सर्व्हरवर हलण्यापूर्वी कालचा बॅकअप तिथे प्रत्यक्ष उतरवा, ओळी मोजून पाहा, किती तास लागले ते लिहून ठेवा आणि पुढच्या महिन्यात हेच पुन्हा करा. या कामाला एका माणसाचे नाव लावा. तेवढे झाले की मगच अपग्रेड झाला म्हणा.