गर्भाशयाच्या कॅन्सरवर हार्मोनच्या गोळ्या: कोणाला चालतात, कोणाला नाही?

गौरी-गणपती किंवा घरातलं लग्न तोंडावर आलं की अनेक जणी पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेतात. तिच्यात प्रोजेस्टिन असतं, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या हार्मोनसारखं काम करणारं औषध. याच कुळातली औषधं गर्भाशयाच्या कॅन्सरवरही दिली जातात. मात्र हा उपचार प्रत्येकीसाठी नाही आणि तो स्वतःच्या मनाने घ्यायचाही नाही.

हा कॅन्सर नेमका कुठे होतो?

गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला एन्डोमेट्रियम म्हणतात. इस्ट्रोजेन हे अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन ती वाढ आवरतं. गर्भ राहिला नाही, तर अस्तर पाळीतून बाहेर पडतं. हे संतुलन बिघडून इस्ट्रोजेनचाच जोर राहिला, तर अस्तर जाड होत जातं आणि कॅन्सरचा धोका वाढतो. लठ्ठपणा आणि पीसीओएसमध्ये असं होऊ शकतं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर हा वेगळा आजार आहे. त्यावर या गोळ्यांचा उपयोग नाही.

औषधं कसं काम करतात?

काही गाठींच्या पेशींमध्ये हार्मोन पकडणारे रिसेप्टर असतात. ते आहेत का, हे बायोप्सीच्या तुकड्यावरून तपासता येतं. असतील तर प्रोजेस्टिनमुळे पेशींची वाढ मंदावू किंवा थांबू शकते. अमेरिकेतील केली आणि बेकर या डॉक्टरांनी 1961 मध्ये अशा रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध केले आणि तिथून या उपचाराला चालना मिळाली. आज मेजेस्ट्रॉल आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या गोळ्या वापरतात. काही वेळा प्रोजेस्टिन सोडणारं, कॉपर-टीसारखं दिसणारं साधन गर्भाशयात बसवतात. शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारं लेट्रोझोलही काहींना देतात.

कोणाला देतात?

मुख्य उपचार शस्त्रक्रियाच आहे. तीत गर्भाशय आणि गर्भनलिका, बहुतेक वेळा अंडाशयही काढतात. हार्मोन उपचाराचा विचार साधारणपणे तीन परिस्थितींत होतो:

- कॅन्सर पसरला आहे किंवा परत आला आहे, पण तो हळू वाढणारा आणि रिसेप्टर असलेला आहे.
- हृदयविकारासारख्या कारणामुळे शस्त्रक्रिया झेपणार नाही.
- रुग्ण तरुण आहे आणि तिला मूल हवं आहे.

मूल हवं असेल तर?

हा निर्णय सर्वांत अवघड. कॅन्सर सर्वांत सौम्य दर्जाचा, म्हणजे ग्रेड 1 चा हवा. तो फक्त अस्तरापुरता आहे, स्नायूत शिरलेला नाही, हे एमआरआयमध्ये दिसायला हवं. अशा निवडक रुग्णांपैकी साधारण चारपैकी तिघींमध्ये औषधाने कॅन्सर दिसेनासा होतो. पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणींमध्ये तो पुन्हा उद्भवतो. म्हणून दर 3 ते 6 महिन्यांनी अस्तराची बायोप्सी करावी लागते. ती चुकवून चालत नाही. कॅन्सर आटोक्यात आला की गर्भधारणेसाठी फार वेळ न दवडण्याचा सल्ला देतात आणि बाळंतपणानंतर गर्भाशय काढायला सांगतात. थोडक्यात, या गोळ्या शस्त्रक्रिया टाळत नाहीत, ती पुढे ढकलतात.

त्रास काय होतो?

प्रोजेस्टिनमुळे भूक आणि वजन वाढतं, अंगावर सूज येते, रक्तातली साखर वाढू शकते. रक्ताच्या गुठळ्या होण्याचाही धोका असतो. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. लेट्रोझोलने सांधे दुखतात आणि हाडं ठिसूळ होऊ शकतात.

दुर्लक्ष कधी करू नये?

पाळी कायमची गेल्यानंतर एकदा जरी रक्त गेलं, अगदी डागापुरतं, तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पाळी सुरू असताना फार रक्तस्राव होत असेल किंवा मधेच डाग दिसत असतील, तरीही तपासणी हवी. अशा वेळी दुकानातून गोळी आणून रक्त थांबवू नका. प्रोजेस्टिनने रक्तस्राव थांबू शकतो, पण आतला आजार तसाच राहून निदान लांबू शकतं. हा कॅन्सर बहुतेकदा रक्तस्रावातूनच लवकर कळतो, आणि लवकर कळला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते.